निळी पडलेली पाइनची फळी सडकी नसते

"इम्पोर्टेड पाइनवर निळे-काळे डाग म्हणजे माल सडका. निळी बुरशी साधी, काळी विषारी. ब्लीच मारलं की फळी नव्यासारखी." सुतारांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय आणि त्यापायी चांगला माल वखारीत परत जातोय. म्हणून हे लिहितोय.

आधी 'सडका'. लाकूड सडवणारी बुरशी पेशींच्या भिंतीच खाते. डाग पाडणारी बुरशी पेशींत साठलेल्या साखरेवर आणि स्टार्चवर जगते, भिंती जवळपास शाबूत राहतात. न्यूझीलंडहून गुजरातच्या कांडला बंदरात उतरणारे रेडिएटा पाइनचे ओंडके ओले असतात, बोटीच्या बंद पोटात प्रवास करतात. तिकडच्या पाइनवर डिप्लोडिया ही डाग पाडणारी बुरशी फार. फळीचं टोक बघा: डाग सालीकडून गाभ्याकडे पाचरीसारखा निमुळता होत जातो आणि गाभ्याशी थांबतो. आता टोच्या खुपसून उचका. लांब, चिवट ढलपी निघाली तर लाकूड खणखणीत. आखूड तुकडा तटकन तुटला तर सड. कॅनडात भुंग्यांनी मारलेल्या पाइनचं असंच निळं लाकूड 'डेनिम पाइन' म्हणून विकलं गेलं. एक उणेपण खरं आहे. दणका सोसायची ताकद थोडी घटते, त्यामुळे शिडीला किंवा हातोड्याच्या दांड्याला ही फळी नको. पॉलिशही ती जास्त पिते.

रंगावरून बुरशी ओळखता येत नाही. तिचे धागे मुळात तपकिरी असतात. लाकडात पसरले की प्रकाशामुळे निळे दिसतात. दहापट भिंगाखाली लांब मानेच्या सुरईसारखे बारीक काळे दाणे आणि त्यांच्या टोकाला चिकट थेंब दिसले, तर ऑफिओस्टोमा या डाग पाडणाऱ्या बुरशीच्या गोतातली असावी, एवढंच म्हणता येतं. नेमकं नाव प्रयोगशाळाच सांगते: बुरशी वाढवून, डीएनए तपासून. काही तपकिरी डाग तर भट्टीत सुकवताना पडतात, तिथे बुरशीच नसते. मग रंगावरून 'विषारी' कसं ठरवणार? घासताना मास्क मात्र कुठल्याही लाकडाला लावा.

ब्लीचने वरची भुरी जाते, आतला डाग जात नाही. गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून 'एचटी' (हीट ट्रीटेड, म्हणजे तापवलेलं) शिक्का मारलेल्या लाकडातली बहुतेक बुरशी मरते, पण रंग राहतो. आणि तो शिक्का म्हणजे लाकूड सुकलंय असंही नाही. ओलं राहिलं तर नवी बुरशी धरते. ब्लीचच्या बाटलीऐवजी ओलावा मोजायचं मीटर घ्या: आकडा २० टक्क्यांखाली असेल तर डाग पुढे वाढत नाही.