धारवाडचे वानर आणि आपले शेरे

‘निसर्गात असलं काही होत नसतं’ असं कुणी ठासून सांगितलं की मला धारवाडचे वानर आठवतात.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक तिथल्या जंगलात टोळ्यांमागे फिरत होते. बाहेरचा हुप्प्या, म्हणजे मोठा नर, येतो, टोळीतल्या हुप्प्याला हुसकावतो आणि मग अंगावर पिणारी पिल्लं मारतो, असं त्यांनी नोंदवलं. अनेकांना ते पचेना. त्याआधी फिलिस जे या संशोधिकेला उत्तर भारतात वानरांच्या टोळ्या शांत दिसल्या होत्या. मग धारवाडचं काय? वानरांची गर्दी झाल्यामुळे आलेली विकृती, म्हणे! गर्दीची शंका रास्तच होती, ती तपासता येते. ‘विकृती’ कशी तपासणार? तो नुसता शेरा.

सारा हर्डी या अमेरिकन संशोधिका १९७१ मध्ये माउंट अबूला आल्या, त्याही गर्दीचंच कारण डोक्यात घेऊन. पण पिल्लं दगावत होती ती नवा हुप्प्या आला की. दूध पाजणारी मादी लवकर माजावर येत नाही, पिल्लू गेलं की येते. म्हणजे नव्या नराची स्वतःची पिल्लं लवकर होतात, असा अर्थ त्यांनी लावला. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की त्यांनी माद्यांकडे नीट पाहिलं. माद्या एकजुटीने हुप्प्याला अडवत होत्या, बाहेरच्या नरांशीही जुगत होत्या. तोवर हुप्प्यांच्या राजकारणात माद्या म्हणजे निव्वळ गर्दी!

वाद बरीच वर्षं चालला. १९९९ मध्ये नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या विष्ठेतला डीएनए तपासला गेला. मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. हर्डींनी लावलेल्या अर्थाला त्याने बळ मिळालं.

आता दुसरं टोक. हे वाचून ‘बघा, पुरुषाची हिंसा नैसर्गिकच’ म्हणणारे भेटतात. त्यांचा मला विकृतीवाल्यांपेक्षा जास्त राग येतो. एखादं वागणं उत्क्रांतीत का टिकलं हे सांगणं म्हणजे त्याला माफी देणं नव्हे. आणि हुप्प्याच्या डोक्यात वंशावळीचा हिशेब असतो, असंही कुणी म्हटलेलं नाही.

मेलेलं पिल्लू छातीशी धरून हिंडणाऱ्या वानरीचा व्हिडिओ ‘आई ती आईच’ लिहून येतो. ती पिल्लू सोडत नाही, एवढं दिसतं. शोक करत असेलही. पण तो आपला अंदाज. व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्याशी माझं भांडण नाही. तोच मथळा शोधनिबंधाला दिलात, तर मात्र आहे.