आठल्यांचा ब्लॉक

कुत्रा नको, हे आमचं ठरलेलं होतं. कुत्रा भुंकतो, केस गाळतो, आणि त्याला रोज फिरवायचं म्हणजे रोज शेजाऱ्यांशी हवापाण्याच्या गप्पा आल्या. सॅन दिएगोत हवा बारा महिने तीच, त्यामुळे गप्पाही त्याच. मांजराची हिला ॲलर्जी. ससा आमच्या लेकीला, चिनूला, 'लहान मुलांचा' वाटतो. वाटाघाटींच्या शेवटच्या फेरीत ती म्हणाली, "मग ऑक्टोपस?" आणि मी म्हणालो, "बघू." माझ्या वडिलांनी 'बघू' म्हटलं की तो विषय पार दहावीच्या निकालापर्यंत झोपायचा. चिनूने संध्याकाळीच टाकीची मापं आणून दाखवली.

प्राणी तसा इथलाच. कॅलिफोर्निया टू-स्पॉट त्याचं नाव. दोन्ही डोळ्यांखाली एकेक निळं कडं असतं, तेही डोळ्यासारखंच दिसतं, त्यामुळे स्वारी नेमकी कुठे बघतेय याचा समोरच्याला पत्ता लागत नाही. (आमच्या ऑफिसात एवढ्या एका गुणावर माणसं डायरेक्टर झाली आहेत.) इथल्याच कॅब्रिलोच्या किनाऱ्यावरच्या खडकांत ओहोटीच्या वेळी, नशीब असेल तर, तो फुकट बघायला मिळतो; पण तिथून शिंपलाही उचलायला बंदी आहे. शिवाय घराणं मोठं. ऑक्टोपसांमध्ये सगळ्यांत आधी ज्याचा जनुकसंच वाचला गेला, २०१५ साली, तो हाच. प्रथिनं बनवणारी जनुकं निघाली ३३,००० च्या आसपास. माणसाची २५,००० सुद्धा भरत नाहीत. म्हणजे स्थळ आमच्यापेक्षा वरचढ होतं, आणि आम्ही जागा बघत होतो.

त्याच सुमाराला सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले होते. अण्णा पाणीपुरवठा खात्यातून डेप्युटी इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. इथे त्यांचा दिवस जात नव्हता. बागेतल्या स्प्रिंकलरचं प्रेशर तपासून झालं होतं, घरातले नळ घट्ट करून झाले होते. टाकीचा विषय कानावर पडला आणि त्यांनी चष्मा लावला.

"कपॅसिटी किती?"

"पंच्याहत्तर गॅलन."

"लिटरमध्ये बोला, जावईबापू."

२८४ लिटर. नुसत्या खाऱ्या पाण्याचंच वजन २९० किलो, त्यावर दगड, वाळू, काच, स्टँड. अण्णांनी हॉलभर टाचेने जमीन ठोकत फेरी मारली. खाली काँक्रीट आहे याची खात्री झाल्यावर त्यांनी टाकीसाठी जी जागा मुक्रर केली, तिथे माझी खुर्ची होती. ती गेली. मग स्टँड लेव्हलमध्ये आहे की नाही यावर एक अख्खा शनिवार गेला. स्पिरिट लेव्हलमधला बुडबुडा केसभर डावीकडे सरकत होता आणि अण्णा "घ्या, अजून घ्या, बास, नाही, परत" असं म्हणत होते. त्यानंतर हायड्रो टेस्ट. टाकी साध्या पाण्याने भरायची, खाली वर्तमानपत्र पसरायचं आणि २४ तास बघायचं. आमच्याकडे वर्तमानपत्र येत नाही. आईंनी लोणच्याच्या बरण्या ज्यात गुंडाळून आणल्या होत्या ते तेलकट कागद पसरले, आणि सकाळी डाग पाण्याचा की तेलाचा यावर वाद झाला.

टाकी भरली की जलपूजन करायचं, हा खात्याचा रिवाज. धरण भरलं की मंत्री येतात, इथे मंडळातली चार माणसं आली. हळदकुंकू पाण्यात चालणार नव्हतं, ते काचेला बाहेरून लावलं. नारळ अंगणात फोडला. प्रसाद म्हणून खोबरं वाटता वाटता आईंनी विचारलं, "आणि मासा कुठाय?"

मासा नव्हताच. ऑक्टोपसही नव्हता. तो यायला अजून तीन महिने होते.

नवी टाकी मांडली, पाणी ओतलं आणि प्राणी सोडला, असं नसतं. प्राण्याच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने गरीब. हे जिवाणू दगडांवर आणि फिल्टरमध्ये आपणहून वस्ती करतात, पण सावकाश. साध्या माशांना महिना-दीड महिना पुरतो, ऑक्टोपस नाजूक आणि खाणार भरपूर, म्हणून तीन महिने थांबा म्हणतात. तोवर जिवाणूंना उपाशी ठेवून चालत नाही. मग मी दर थोड्या दिवसांनी रिकाम्या टाकीत कोळंबीचा एक तुकडा टाकत असे, कुजायला. आईंनी हे दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा हिला बाजूला घेतलं. रिकाम्या काचेला नैवेद्य दाखवणारा जावई त्यांनी मागितला नव्हता. शेवटी मी समजावलं की हे विरजण आहे, लागायला वेळ लागतो. तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्या रोज सकाळी "लागलं का?" विचारायला लागल्या.

मीठ हा आणखी एक अध्याय. लिटरला ३५ ग्रॅम या हिशोबाने दहा किलो. घरचं चालत नाही, त्याची वेगळी बादली मिळते, भाव बघून रक्तदाब वाढतो. पाणीही नळाचं नाही. इथल्या घरांतले पाइप तांब्याचे, आणि तांबं ऑक्टोपसला जहर. गंमत अशी की त्याचं स्वतःचं रक्त तांब्याचंच असतं. आपल्या रक्तात लोह, त्याच्या रक्तात तांबं, म्हणून ते निळं. पण तेच बाहेरच्या पाण्यात विरघळून आलं की जिवावर बेततं. अण्णांना हे पटेना. ते गेली कित्येक वर्षं रात्री तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी सकाळी पितात आणि त्यांचं पोट घड्याळासारखं चालतं. "थोडं घालून बघू," असं ते अधूनमधून सुचवत. हिने त्यांचं भांडं उचलून बेडरूमच्या कपाटात ठेवलं.

बाकी खारेपणाची जबाबदारी त्यांनी चोख घेतली. रिफ्रॅक्टोमीटरमध्ये थेंब टाकून, खिडकीकडे तोंड करून, दुर्बिणीतून शत्रूचं गलबत बघावं तसे ते उभे राहायचे. "एक पॉइंट शून्य दोन पाच!" चिनूने दिलेल्या वहीत त्यांनी रेघा मारल्या: तारीख, वेळ, खारेपणा, तपमान, शेरा. शेऱ्यात रोज 'समाधानकारक'. तपमान १८ अंशांच्या आसपास हवं म्हणून चिलर बसवला. तो पाणी गार करतो आणि ती सगळी ऊब हॉलमध्ये सोडतो, तेव्हा गारवा टाकीला, घाम आम्हाला.

या काळात पाहुणे येत होते. ऑक्टोपसची बातमी फुटली होती. मंडळी यायची, चहा घ्यायची आणि पाण्याकडे बघायची. एक गृहस्थ बराच वेळ वाकून बघून म्हणाले, "रंग बदलतो म्हणतात ना? अगदी दगडासारखा झालाय." त्यांच्या बायकोलाही तो दिसला. मी काही बोललो नाही.

मग झाकण. खरी लढाई झाकणाची. ऑक्टोपसला हाडं नाहीत. अंगात कडक काय ती पोपटाच्या चोचीसारखी एक चोच. ती ज्या फटीतून जाईल, तिथून अख्खा प्राणी जातो. अण्णांना मी इतिहास सांगितला. २०१६ साली न्यूझीलंडमध्ये नेपिअरच्या मत्स्यालयातला इंकी नावाचा ऑक्टोपस झाकणाच्या फटीतून निघाला, फरशीवरून चालत गेला आणि ड्रेनच्या ५० मीटर लांबीच्या पाइपातून थेट समुद्रात पोचला. जर्मनीत कोबुर्गला ओट्टो होता, त्याला वरच्या दिव्याचा त्रास व्हायचा. २००८ मध्ये त्याने पाण्याची पिचकारी मारून शॉर्टसर्किट केलं. अण्णा ऐकत होते. पण सांता मोनिकाची गोष्ट सांगितल्यावर ते उठून उभे राहिले. तिथल्या मत्स्यालयात २००९ साली याच टू-स्पॉट जातीच्या एका छोट्या जिवाने रात्रीत व्हॉल्व्ह खोलला आणि सुमारे २०० गॅलन पाणी नव्याकोऱ्या जमिनीवर सोडलं.

"म्हणजे डिपार्टमेंटचाच माणूस," अण्णा म्हणाले.

तिथून पुढे त्यांनी या कामात स्वतःला झोकून दिलं. ॲक्रिलिकचं जाड झाकण, चारी बाजूंना क्लॅम्प, पाइप जिथून आत जातो तिथे जाळी, पंपाच्या तोंडाला स्पंज, कडेला आतून प्लास्टिकच्या हिरवळीची पट्टी, कारण त्यावर त्याचे चोषक नीट चिकटत नाहीत. प्रत्येक भोकात अण्णा करंगळी घालून बघत. करंगळी गेली तर भोक नापास.

आठल्ये एका गुरुवारी कुरियरने आले. थर्माकोलच्या खोक्यात पिशवी, पिशवीत लिंबाएवढं काहीतरी राखाडी. नाव हिने ठेवलं, आठ हात म्हणून. आईंना ते फारसं रुचलं नाही. रत्नागिरीला त्यांच्या शेजारी आठल्ये होते, शुद्ध शाकाहारी, आणि हे आठल्ये तर रोज जिवंत खेकडा खाणार. खेकड्यांसाठी वेगळी छोटी टाकी मांडावी लागली, आणि त्यांच्या खाण्यासाठी फ्रिजमध्ये वेगळा कप्पा. तिथे आधी आईंचं तूप होतं.

कित्येक तास थेंब-थेंब पाणी मिसळून आठल्यांना आत सोडलं. ते दगडाखाली गेले आणि पाहुण्यांना पुन्हा पाणीच दिसायला लागलं. बाहेर आले ते एका रात्री, अण्णा वही लिहीत असताना. काचेवर पसरून, एक हात हळूहळू वर सरकवत. हाताचं टोक दोऱ्याएवढं बारीक. ते झाकणाच्या खालच्या कडेवरून फिरत होतं, क्लॅम्पपाशी थांबत होतं, पुढच्या क्लॅम्पकडे जात होतं. कोपऱ्यात पाइपाच्या जाळीपाशी ते बराच वेळ रेंगाळलं, प्रत्येक छिद्रात थोडंथोडं घुसवून बघितलं.

"लीकेज शोधतोय," अण्णा कुजबुजले. "पद्धतशीर. मला उभ्या नोकरीत असा फिटर मिळाला नाही."

त्या रात्री शेऱ्यात त्यांनी पहिल्यांदा दोन ओळी लिहिल्या.

ही जात जगते एक-दोन वर्षं. खर्चाला महिन्यांनी भागून हिने जो आकडा काढला, तेवढ्या भाड्यात डाउनटाउनमध्ये समुद्र दिसणारी खोली मिळते. तो कागद मी वहीत ठेवला, अण्णांनी त्यावरही 'पाहिले' म्हणून सही केली.

आता ते दोघं पुण्याला परत गेलेत. दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो. पूर्वी आधी लेकीची चौकशी, मग नातीची, शेवटी माझी असा क्रम असे. परवा मला चार दिवस ताप होता, आवाज बसला होता, डोळे लाल. अण्णांनी स्क्रीनवर मला नीट निरखून पाहिलं.

"जरा बाजूला व्हा, जावईबापू," ते म्हणाले. "मागचा क्लॅम्प सैल दिसतोय."