नावं ठेवायची कशी? महापालिका शाळेचा निकाल वाचणाऱ्यांसाठी

महापालिकेच्या शाळेला नावं ठेवायला अक्कल लागत नाही, पण आकड्यांनिशी ठेवली तर चारचौघांत वजन पडतं. त्यासाठी शाळेत जायची गरज नाही. जाऊच नका, गेलात तर मुलं दिसतात आणि हिशोब बिघडतो. निकालाचा एक कागद आणि कडक चहा, एवढं साहित्य पुरतं.

कागद हातात आला की थेट तळाच्या ओळीवर जा आणि सरासरी वाचा. वरच्या ओळींत काय भानगडी असतात, ते एकदाच सांगतो. पुन्हा त्या वाटेला जाऊ नका. समजा, एक शाळा सोलापूर शहराच्या पूर्व भागात आहे आणि एक त्याच शहरातल्या जुळे सोलापूर या वस्तीत. दोन्हीकडे चौथीत 40 मुलं, माध्यम मराठी. पूर्व भागातल्या शाळेत 10 मुलांच्या घरी मराठी बोलतात, 30 जणांच्या घरी तेलुगू. उतारा नीट वाचणारी मुलं पहिल्या गटात 9, दुसऱ्यात 18. एकूण 27, म्हणजे 67.5 टक्के. जुळे सोलापुरातल्या शाळेत मराठी घरची 35, तेलुगू घरची 5. वाचणारी अनुक्रमे 28 आणि 2. एकूण 30, म्हणजे 75 टक्के. झालं, पूर्व भागातली शाळा बाद.

आता एखादा खवचट माणूस म्हणेल, "अहो, मराठी घरच्या मुलांत 90 विरुद्ध 80, तेलुगू घरच्या मुलांत 60 विरुद्ध 40. दोन्ही गटांत तुमची बाद शाळाच पुढं आहे की!" त्याचं बरोबर आहे. म्हणूनच इथं विषय बदलावा. सोलापुरात ऊन हा विषय बाराही महिने चालतो.

मुलांची माहिती शाळेकडे नसते असं मात्र म्हणू नका, खोटं पडाल. यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, एकेका मुलाचा जातीचा प्रवर्ग, अल्पसंख्याक गट, आधार, दिव्यांगत्व, सगळं भरलेलं असतं. मातृभाषेचाही रकाना असतो. तो भरायचा असतो, वाचायचा नसतो. वाचला तर निकालाशेजारी ठेवून बघावासा वाटतो, आणि मग वरच्यासारखे घोळ होतात.

गणिताचा पेपर हाताशी असेल तर सोन्याहून पिवळं. बाईंनी "सत्तेचाळीस" म्हटलं आणि पोरीनं 74 लिहिलं, की लगेच "पायाच कच्चा" असं म्हणून मोकळं व्हा. सत्तेचाळीसमध्ये सात आधी ऐकू येतो, चाळीस मागून. तिच्या घरी तेलुगूत "नलभै एडु" म्हणतात, म्हणजे चाळीस आधी, सात नंतर. जे आधी ऐकलं ते आधी लिहायचं, हा घरचा नियम तिनं इमानानं पाळला. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला "वीस एक, वीस दोन" आलं तेव्हा आपण सगळ्यांनी मराठीच्या नावानं गळा काढला होता, ते विसरायचं नाही. हीच पोरगी संध्याकाळी विड्या वळणाऱ्या आईशेजारी बसून हजार विड्यांचा हिशोब चुकू देत नाही, पण त्याला चाचणीत गुण नाहीत, त्यामुळे तेही धरायचं कारण नाही.

प्रगतीच्या भानगडीत तर पडूच नका. सुरुवातीची पायाभूत चाचणी आणि शेवटची संकलित चाचणी शेजारी ठेवली तर तेच मूल कुठून कुठं आलं ते दिसतं. जुलैत अक्षर न ओळखणारा पोरगा एप्रिलमध्ये सुटी वाक्यं वाचू लागला, तरी "उतारा वाचतो का?" या रकान्यात त्याच्यापुढं "नाही"च येतं. आपल्याला "नाही" पुरे. पायाभूत चाचणीचा कागद मागायचाच नाही.

जिल्ह्यातल्या खेड्यातली शाळा असेल तर कॅलेंडर बाजूला ठेवा. पट धरतात तो 30 सप्टेंबरचा. त्यानंतर कारखान्यांची धुराडी पेटतात, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पोरं फडावर निघतात आणि दुसऱ्या जिल्ह्यातली तशीच पोरं इथल्या कोपींत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांत, येऊन उतरतात. एका शाळेत नाव आहे, मूल नाही. दुसरीत मूल आहे, नाव नाही. सोबत शिक्षण हमी पत्र, म्हणजे आधीच्या शाळेनं दिलेला शिक्षणाचा दाखला, आणलं तर वर्गात बसवायला सोपं जातं, पण पाच महिन्यांचं खिंडार पत्रानं बुजत नाही. हे सगळं "मुलं गैरहजर राहतात" या तीन शब्दांत बसतं. शब्द कशाला वाया घालवायचे?

शिक्षक किती, हे विचारू नका. पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत पटाला शिक्षण हक्क कायद्यानं 2 शिक्षक, आणि वर्ग मात्र पाच. त्यातला एक निवडणुकीच्या कामाला गेला की उरलेल्याला पाचही वर्ग एका आवाजात सांभाळावे लागतात.

खासगी शाळेशी तुलना करताना तिथं पोरं आत कशी येतात तेवढं झाकून ठेवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार मुलाची किंवा पालकांची चाळणी लावून प्रवेश द्यायला बंदी आहे. त्यामुळे तिथं चाळणी नसतेच. "पालकांशी अनौपचारिक गप्पा" असतात. त्या गप्पांत आईचं शिक्षण निघतं, बाबांची नोकरी निघते, आणि घरी अभ्यास कोण घेणार हेही निघतं. महापालिकेच्या मुख्याध्यापकांना गप्पांची हौस नाही. ते पोरं शोधत दारोदार हिंडतात आणि मिळेल त्याला वर्गात बसवतात. मग निकाल कमी लागला तर दोष कुणाचा?

शेवटचं हत्यार टक्केवारी, आणि ते लहान वर्गावरच चालवावं. पट 12 चा असेल तर एक पोर म्हणजे 8.33 टक्के. गेल्या वर्षी 9 जण पास, यंदा 8, कारण एक जण चाचणीच्या दिवशी मामाच्या लग्नाला अक्कलकोटला. "एक पोरगं लग्नाला गेलं" असं म्हणून कुणी ऐकत नाही. "निकाल 8 टक्क्यांनी कोसळला" म्हणा, ग्रुपवर तासाभरात चाळीस अंगठे येतात.

पुढच्या वर्षी तोच पोरगा हजर राहिला आणि निकाल 8 टक्क्यांनी चढला, तर गांगरू नका. गुरुजींनीच पेपर लिहिले असणार म्हणायचं.