प्लॉट पाडताय? मग एवढं कराच

सोलापूरच्या कडेला तुमचा एखादा गट असेल आणि ज्वारीचा कंटाळा आला असेल, तर प्लॉट पाडून टाका. अनुभवी माणसाच्या चार सूचना ऐका.

नावात ‘ग्रीन’ हवंच. झाडांचं नंतर बघू.

रस्ता आपल्या बांधापर्यंतच न्यायचा. पलीकडचा मालक त्याचा रस्ता त्याच्या बांधापर्यंत आणेल, तोही वीसेक फूट सरकवून. म्हणजे दोन्ही रस्ते जुळायची भीतीच नको.

तरीही जुळलेच, तर भिंत घाला. आमच्याकडं नुकतीच घातली. पलीकडच्या मेडिकलचा बोर्ड मला गच्चीवरून वाचता येतो. पण आईच्या बीपीच्या गोळ्या आणायच्या तर आधी उलटं विजापूर रोडला जायचं, डंपरच्या मधून गाडी काढायची, पुढच्या कमानीतून आत शिरायचं आणि त्याच भिंतीच्या पाठीमागं येऊन उभं राहायचं! विचारलं तर म्हणे, “सेफ्टी हो मालक, बाहेरची माणसं येतात.” बाहेरचा म्हणजे मी. शाळेच्या पोरांनी दोन विटा काढून पाय ठेवायला जागा केली, तर ह्यांनी वर काचा बसवल्या. पोरं आहेत ती, दरोडेखोर आहेत काय? आणि मंजूर नकाशात तिथं रस्ता आहे. रस्ता!

डीपी रस्ता, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता, कागदावरच ठेवावा. तिथं त्याला खड्डे पडत नाहीत.

पेठांकडं बघून बिघडू नका. तिथं बोळाला बोळ जोडलेला. मंगळवार पेठेत पुढं हातगाडी आडवी आली तर माणूस शेजारच्या बोळातून मधला मारुती गाठतो. काय उपयोग असल्या मोकळीकीचा?

कायदे तर वाचूच नका. 1915 सालीच मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला होता. सगळ्यांच्या जमिनी एकत्र घ्यायच्या, आधी रस्ते आखायचे, मग प्लॉट वाटायचे. आपण 1992 ला हद्दवाढ करून एका दमात 178 चौरस किलोमीटरचं शहर झालो. आधी जो तो आपापला गट पाडून मोकळा, रस्त्याचं मागनं बघू. मागनं म्हणजे कधी? अजून ‘हद्दवाढ भाग’च म्हणतात त्याला.

बास झालं आता. घर पडलं तर परत बांधता येतं. चुकलेल्या रस्त्याच्या दोन्ही अंगाला घरं उठली की तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो. सही ठोकताना शेजारच्या गटाचा नकाशा बाजूला ठेवून बघायला असा किती वेळ लागतो हो, साहेब? आणि प्लॉट घेणाऱ्यांनो, ‘पुढं रस्ता बंद, एकदम शांत’ म्हणून जास्तीचे पैसे तुम्हीच मोजता ना? मग विजापूर रोड तुंबला म्हणून बोंबलता कशाला? दुधाच्या पिशवीसाठीसुद्धा अख्ख्या वस्तीला त्या एकाच रोडवर उतरवलंय तुम्ही. भिंत पाडा ती. तेवढी दानत नसेल तर निदान काचा तरी काढा, पोरांचे हात कापतायत.