मूडलवर रोल वाटप, कुणालाही न दुखावता

तुमच्या कॉलेजात मूडल (ऑनलाइन कोर्स आणि परीक्षा चालवायचं सॉफ्टवेअर) बसवलंय, इंटर्नलच्या परीक्षा आता त्यावर घ्यायच्यात, आणि "तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं" एवढ्या एका वाक्यावर प्राचार्यांनी रोल आणि परमिशनचं काम, म्हणजे त्यात कुणाला काय काय करता येईल ते ठरवायचं काम, तुमच्या गळ्यात मारलंय ना, मग आधी अभिनंदन. इन्क्रिमेंट वगैरे विसरा, पण स्टाफरूममध्ये तुमची चौकशी एवढी वाढेल की बास. जे सर इतकी वर्षं नमस्काराला मानसुद्धा हलवत नव्हते ते आता चहा सांगतील.

तर सगळ्यात आधी एक पुस्तकी गोष्ट डोक्यातून काढून टाका. ज्याचं जेवढं काम त्याला तेवढाच ॲक्सेस द्यावा असं एक तत्त्व आहे म्हणे, सॉल्टझर आणि श्रोडर नावाच्या दोघांनी १९७५ मध्ये शोधनिबंधात मांडून ठेवलंय आणि तेव्हापासून सगळं जग तेच सांगत सुटलंय. असू दे. त्या दोघांची आपल्या संस्थेच्या खजिनदारांशी गाठ पडली नव्हती. आपल्याकडे ॲक्सेस कामावरून ठरत नसतो, मानावरून ठरतो, लग्नात फेटा कुणाकुणाला बांधायचा ते ठरतं तसा, आणि एक फेटा चुकला तर पुढं काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे.

मूडल टाकलं की काही रोल तयारच मिळतात: मॅनेजर, कोर्स क्रिएटर, टीचर, नॉन-एडिटिंग टीचर, स्टुडंट, गेस्ट. यातला नॉन-एडिटिंग टीचर हा रोल ताबडतोब विसरून जा. तसा तो कामाचा आहे, म्हणजे उत्तरं तपासता येतात, मार्क देता येतात पण प्रश्नाला हात लावता येत नाही, आणि नुसतं तपासायला येणाऱ्या माणसाला याच्यापेक्षा जास्त काय लागतं? पण सव्वीस वर्षं शिकवणाऱ्या मॅडमनी लॉगिन करून स्वतःच्या नावापुढं "नॉन-एडिटिंग" बघितलं की त्या पहिलं काय विचारणार सांगू? "म्हणजे मला एडिटिंग येत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?" याला उत्तर नसतं. सगळ्यांना फुल टीचर करा आणि जेवायला जा.

आता वरच्या मंडळींचं बघू. प्राचार्यांना साईट ॲडमिन करायचं, यात चर्चाच नको. ते वर्षातून किती वेळा लॉगिन करणार हा प्रश्न गैरलागू आहे. मग उपप्राचार्य राहतात, ते नाराज. मग परीक्षा विभागाचे प्रमुख म्हणतात परीक्षा माझी आणि ॲडमिन ते, हे कसं काय. मग फिजिक्सच्या एचओडींना (विभागप्रमुखांना) कळतं की केमिस्ट्रीच्या एचओडींना दिलंय (खरं तर दिलेलं नसतं, त्यांनी नुसतं मागितलेलं असतं, पण बातमी तोवर दिलंय अशी झालेली असते), मग दोघांनाही द्यावं लागतं. आणि शेवटी संचालक मंडळातल्या एका साहेबांचा पुतण्या येतो, तो बीसीए झालाय, "त्याला जरा शिकायला मिळेल".

यात एक बारीकसं तांत्रिक प्रकरण आहे, ते कुणाला सांगत बसू नका. मूडलमध्ये साईट ॲडमिन हा मुळात रोलच नाही. बाकी कुणीही काहीही करायला गेलं की सॉफ्टवेअर आधी त्याची परमिशन तपासतं, ॲडमिनच्या बाबतीत जवळजवळ सगळीकडे तपासायच्या भानगडीतच पडत नाही, सरळ वाट मोकळी. त्याला एखादी गोष्ट करू द्यायची नाही असं सेटिंग तुम्ही रोलमधून लावूच शकत नाही. म्हणजे पुतण्याला आता गेटवर कुणी अडवणार नाही.

आता कस्टम रोल. ऑर्डर निघते, "पेपरसेटर, मॉडरेटर व परीक्षा विभाग लिपिक यांचे स्वतंत्र रोल तयार करावेत". रीतसर करायचं तर नवा रोल उघडायचा, तो कुठं कुठं देता येईल ते ठरवायचं, मग खाली शेकडो परमिशनची यादी येते त्यातून एकेक निवडायची, कित्येकींसमोर धोक्याची चिन्हं असतात, हिच्यानं खाजगी माहिती दिसेल, हिच्यानं डेटा उडेल, हिच्यानं सेटिंग बदलता येतील. ती यादी वाचत बसलात तर संध्याकाळ होईल. त्यापेक्षा मॅनेजरचा रोल कॉपी करा आणि नाव बदला. "पेपरसेटर". झालं. पुन्हा कॉपी, "मॉडरेटर". नावं वेगळी, आतून सगळे मॅनेजर, आणि मीटिंगमध्ये दाखवायला तीन रोल. पुढच्या वर्षी कुणीतरी काहीतरी अडलं म्हणून येईल तेव्हा "पेपरसेटर न्यू" करा, मग "पेपरसेटर न्यू फायनल", जुने डिलीट करू नका कारण कोण कशात आहे ते तोवर कुणालाच माहीत नसतं.

परीक्षा विभागातल्या भाऊसाहेबांचं काम फक्त एवढंच असतं की मार्कांची एक्सेल उतरवून घ्यायची आणि फॉर्मॅटमध्ये चिकटवायची. त्यांना मार्क बघणे आणि एक्सपोर्ट करणे एवढ्या दोन-चार परमिशन पुरतात, मार्क बदलायची परमिशन वेगळी असते आणि ती द्यायची काहीएक गरज नसते. पण तुम्ही ती द्या. नाही दिली तर एखाद्या मुलाचा मार्क चुकलेला सापडल्यावर भाऊसाहेब सरांना फोन करणार, सर लेक्चरला, मग लेखी पत्र, मग सरांची सही, म्हणजे मार्क बदलल्याचा कागद तयार होणार. कागद तयार झाला की कुणीतरी तो वाचणार. कशाला?

पुढची पायरी म्हणजे रोल कुठल्या पातळीवर द्यायचा. मूडलमध्ये या पातळ्यांना कॉन्टेक्स्ट म्हणतात, सगळ्यात वर सिस्टिम, मग कॅटेगरी, मग कोर्स, मग त्यातली एकेक ॲक्टिव्हिटी. एका मॅडमना एका क्विझपुरता रोल देता येतो एवढं ते बारीक आहे. पण मग दर सेमिस्टरला प्रत्येक कोर्सात जाऊन नावं टाकायची, ऑगस्टमध्ये वर्कलोड बदलला की परत काढायची. त्याऐवजी टीचरचा रोल थेट सिस्टिम लेव्हलला द्या. मूडल सरळ सरळ देऊ देत नाही, टीचर हा रोल फक्त कोर्स आणि ॲक्टिव्हिटीतच मिळेल असं त्याचं मूळ सेटिंग आहे, पण रोल एडिट करून सिस्टिमपुढं एक टिक मारली की काम झालं. आता मराठीचे सर ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या क्विझमधला बरोबर पर्याय बदलू शकतात. आणि यातली खरी मजा म्हणजे ते त्या कोर्सात एनरोल (नाव नोंदवलेले) नसल्यामुळं पार्टिसिपंट्सच्या यादीत दिसतच नाहीत! कोर्सवाल्या मॅडम यादी उघडून बघतात, सगळी आपलीच पोरं, निवांत.

कधीतरी कुणाची तरी तक्रार येतेच की अमुक सरांना जास्त ॲक्सेस आहे, जरा कमी करा. घाबरू नका. त्यांच्याकडचा रोल काढून घ्यायचा नाही, तो अपमान झाला. उलट त्यांना आणखी एक रोल द्यायचा, "मर्यादित टीचर" नावाचा, आणि त्यात सगळीकडे प्रिव्हेंट, म्हणजे "परवानगी नाही", करून ठेवायचं. तक्रार करणाऱ्याला स्क्रीन दाखवा, एवढे प्रिव्हेंट बघून त्याचं समाधान होतं. प्रत्यक्षात काय होतं, तर काहीच नाही. मूडल प्रत्येक रोलचा हिशोब वेगळा करतं आणि एका जरी रोलनं हो म्हटलं तर हो, दुसऱ्या रोलातला प्रिव्हेंट त्याला अडवत नाही. सर पूर्वीसारखेच मोकळे आणि शिवाय आता त्यांच्याकडं दोन रोल झाले, म्हणजे मान वाढलाच.

खरोखर अडवायचं असेल तर प्रोहिबिट असतं, ते मात्र कुठल्याही रोलात असलं तरी जिंकतं आणि खालच्या कुठल्याही पातळीवर ते उलटवता येत नाही. म्हणून त्याला जपून हात लावायचा असं डॉक्युमेंटेशनवाले सांगतात. तुम्ही ते "ऑथेंटिकेटेड युजर"मध्ये लावा. हा रोल लॉगिन केलेल्या प्रत्येकाला आपोआप मिळतो. त्यात क्विझ सोडवण्यावर प्रोहिबिट टाकलं की परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेदहाला सगळ्या कॉलेजातलं एकही पोरगं पेपर सुरू करू शकत नाही. गैरप्रकाराची शून्य प्रकरणं. अहवालात अभिमानानं लिहा.

नावं झाकून तपासणी हा विषय कुणी काढला तर लगेच दुसरीकडे वळवा. सोय आहे, हे मी नाकारत नाही. असाइनमेंटमध्ये सबमिशन निनावी ठेवता येतं, क्विझमधली मोठी उत्तरं तपासताना मुलाचं नाव दिसावं की नाही याची तर स्वतंत्र परमिशनच आहे, ती काढून टाकली की परीक्षकाला फक्त उत्तर दिसतं. पण नावच दिसलं नाही तर कळणार कसं कुणाचं पोरगं ते.

पालकांचा रोल हा माझा सर्वात आवडता. मूडलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये कस्टम रोलचं उदाहरण म्हणून तो दिलेलाय, आणि तिथं सांगितलंय की हा रोल त्या एका मुलाच्या युजर प्रोफाइलवर द्यायचा, म्हणजे आईवडलांना फक्त आपल्या लेकराचे मार्क दिसतील. पण अकरावी-बारावीच्या प्रत्येक मुलाच्या प्रोफाइलवर जाऊन त्याच्या पालकाला जोडायचं म्हणजे काय खायचं काम आहे का, त्यामुळं सगळे पालक सिस्टिम लेव्हलला टाका. आता शेजारच्या जोशांच्या मुलाला किती पडले हे विचारायला जिन्यात थांबावं लागणार नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे खरा, त्यात अठराच्या आतल्यांना बालकच धरलंय आणि माहिती नीट सांभाळली नाही तर दंडाची कमाल रक्कम २५० कोटी लिहिलीय, पण आपल्या सोसायटीत एवढ्या लांबचा विचार कुणी करत नाही.

एवढं सगळं करूनही परमिशनचा त्रास होत असेल तर रामबाण उपाय म्हणजे पासवर्ड. एक ॲडमिन लॉगिन, पासवर्ड कॉलेजचं नाव, ॲट, आणि एकदोनतीन, आणि तो व्हॉट्सॲपच्या "एक्झाम कमिटी ऑफिशियल" ग्रुपवर टाकून मेसेज पिन करायचा. ग्रुपमध्ये मागच्या वर्षी रिटायर झालेले सरही असतात, त्यांना काढायचं वाईट वाटतं म्हणून राहिलेत, आणि सीएचबीवरचे (तासिका तत्त्वावरचे) दोघं जे आता दुसऱ्या कॉलेजात आहेत. आयटी कायद्याच्या ६६ सी कलमात दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण लबाडी कुणी केली हे ठरवायला आधी कुणी लॉगिन केलं ते कळायला हवं ना. ॲडमिननं केलं.

हां, लॉग राहिले, म्हणजे कुणी कधी काय केलं त्याच्या नोंदी. मूडल सगळं लिहून ठेवतं, दुसऱ्याच्या नावानं लॉगिन ॲज करून आत शिरलात तरी शिरलेला कोण ते नोंदवतं, ग्रेड हिस्टरीच्या रिपोर्टात जुना मार्क, नवा मार्क आणि बदलणाऱ्याचं नाव एका ओळीत येतं. मूळ सेटिंगमध्ये लॉग कधीच डिलीट होत नाहीत. पण "सर्व्हर स्लो झालाय" हे कारण प्रत्येक मीटिंगमध्ये मान्य होतं, आणि लॉग किती दिवस ठेवायचे त्या यादीत सगळ्यात लहान पर्याय दोन दिवसांचा आहे. निकाल लागून मुलं रिचेकिंगचा अर्ज करेपर्यंत आठवडा जातो.

राहता राहिलं नॅक, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन. ई-गव्हर्नन्सचा पुरावा म्हणून युजर इंटरफेसचे स्क्रीनशॉट जोडायचे झाले तर त्यात "डिफाइन रोल्स"च्या पानाचा बिनधास्त द्या, पेपरसेटर, मॉडरेटर, लिपिक, मर्यादित टीचर, पालक अशी सगळी यादी बघून तपासणारे खूश होतात, आणि खाली "रोल-बेस्ड ॲक्सेस कंट्रोल कार्यान्वित" अशी ओळ टाका. फक्त "साईट ॲडमिनिस्ट्रेटर्स"च्या पानाचा स्क्रीनशॉट चुकून जोडू नका. ती यादी एका स्क्रीनमध्ये मावत नाही, आणि वरून तिसरं नाव पुतण्याचं आहे.