‘पोरं पळवणारी टोळी’ : त्या मेसेजला उत्तर

धुळे जिल्ह्यातल्या साक्री-शिरपूरकडच्या ग्रुपांवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय : “पोरे धरनारा उनात (पोरं धरणारे आलेत)! बातमीत आलंय, व्हिडिओ आहे. वर्षाला 83 हजार मुलं गायब होतात. अनोळखी दिसला की धरा. खोटं निघालं तरी बिघडतं काय?”

बातमीत आलंय म्हणता, तर ती नीट वाचा. ‘टोळीचा संशय, जमावाकडून चोप.’ मूल कुणाचं हरवलं, तक्रार कुठे झाली, याचा पत्ता नाही. तीच चार पोर्टलांनी उचलली की चार टोळ्या आल्यासारखं वाटतं. पोलीस ‘अफवा’ म्हणाले, तर ते आतल्या पानावर सहा ओळींत. आणि ‘चोप’ म्हणे! माणसाला लाथाबुक्क्यांनी तुडवतात त्याला चोप म्हणायचं?

मोटारसायकलवरून पोर उचलण्याची ती क्लिप कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मची आहे. शेवटी ते पोराला परत आणून सोडतात. तेवढाच तुकडा कापलाय. 2018 मध्येही हीच देशभर फिरली होती.

83 हजारांचा आकडा खरा आहे. 2022 च्या सरकारी नोंदीत 83,350 मुलं बेपत्ता, त्यांत 62,946 मुली. पण त्याच वर्षी, आधीच्या वर्षांत हरवलेली धरून, 80,561 सापडली. हे मेसेजमध्ये नाही. शिवाय बेपत्तांत रागाने घर सोडलेली, वाट चुकलेली मुलंही येतात.

आता ‘बिघडतं काय’. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, 1 जुलै 2018, आठवडे बाजाराचा रविवार. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून उतरले. एक जण लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढंच निमित्त. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना मारून टाकलं. अफवा मोबाइलवर आधीच पोचलेली होती. त्याच दिवशी मालेगावात दोन वर्षांच्या लेकरासह एका कुटुंबाला पोलिसांनी जमावातून सोडवलं, म्हणून ते वाचलं.

संशय आलाच तर 112 ला फोन करा, हात लावू नका.

परवा आमच्या गल्लीत गोधड्या शिवणारी बाई आली, काखेत पोर. एका मुलाने मोबाइल तिच्यावर धरला. मी तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. कुणी काही विचारायच्या आधीच तिने कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढून हातात धरलं होतं.