कुलगुरू कोण नेमणार, एवढ्यावरच अडलेला वाद

स्वतंत्र कोकण विद्यापीठ हवे की मुंबई विद्यापीठातच राहावे, हा वाद आमच्या रत्नागिरीच्या मित्रमंडळींत पुन्हा पेटला आहे आणि नेहमीप्रमाणे मुख्यालय कुठे व कुलगुरू कोण नेमणार, या दोनच मुद्द्यांवर येऊन थांबला आहे. "सरकारला बाजूला करा, तुमच्या स्कॉटलंडसारखे चालू द्या," असे एकाने लिहिले, तेव्हा मात्र राहवले नाही.

मी राहतो त्या स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात विद्यापीठाच्या प्रमुखाची नेमणूक मंत्री करत नाही. तरीही २०२४ च्या अखेरीस कोट्यवधी पौंडांची तूट उघड झाली, डिसेंबरात प्राचार्यांनी (म्हणजे तिथल्या कुलगुरूंनी) राजीनामा दिला आणि शेवटी सरकारलाच पैसा ओतावा लागला. या तुटीची चौकशी करणाऱ्या २०२५ च्या गिलीज अहवालाने व्यवस्थापनाबरोबर विद्यापीठाच्या कोर्टावरही, म्हणजे नियामक मंडळावरही, ठपका ठेवला. आपल्याहून फरक एवढाच, की माजी प्राचार्यांना स्कॉटिश संसदेच्या समितीने सर्वांदेखत प्रश्न विचारले.

आपल्याकडे २०१७ मध्ये संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याच्या घाईत मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले आणि ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. एक माणूस घरी गेला, म्हणजे जणू चौकशीही संपली. पुढे २०२१ मध्ये एका सरकारने मंत्र्यांना प्र-कुलपती (कुलपती असलेल्या राज्यपालांखालोखालचे पद) करणारी कायदादुरुस्ती आणली, दुसऱ्याने ती मागे घेतली. पण पदवीधरांच्या १० जागांसाठीची मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेची (सिनेटची) निवडणूक २०२३ मध्ये लांबणीवर पडली ती थेट २०२४ च्या सप्टेंबरात झाली, याबद्दल आमच्या चर्चेत अवाक्षर नाही. खासगी विद्यापीठांत तर संस्थाचालकच विद्यापीठाचा प्रमुख नेमतात, म्हणजे हिशेब विचारणारा आणि देणारा एकाच घरातला. "सरकार बाजूला करा" म्हणणाऱ्यांना हेच हवे आहे काय?

"पौंडांत कमावून आम्हाला शिकवू नकोस," हे उत्तर आले, आणि ते झोंबले. माझी पदवी मुंबईचीच आहे, पण तिथल्या पदवीधरांच्या मतदारयादीत माझे नाव नाही, आणि इथे इतकी वर्षे राहूनही डंडीच्या कारभाराबद्दल लिहिताना "आमचे" विद्यापीठ असे लिहवत नाही. सिंधुदुर्गाच्या टोकाच्या दोडामार्गच्या मुलांना विद्यापीठाच्या कामासाठी ५०० किलोमीटरवरच्या मुंबईकडे पाहावे लागते, याचा राग मात्र अजून आपलाच वाटतो.

म्हणून नवे विद्यापीठ जरूर मागा. मात्र अधिसभेची निवडणूक किती मुदतीत होईल, जमाखर्च कोणापुढे मांडला जाईल आणि तो न मांडल्यास काय होईल, हे कायद्याच्या मसुद्यातच लिहून घ्या. मुख्यालयाचे विचाराल, तर मी रत्नागिरीच म्हणणार.